निळ्या रेषेच्या आत

तिपाईवरचं यंत्र घेऊन तीन माणसं आमच्या गल्लीत आली, तेव्हा मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि मी केडगावहून पप्पांकडे राहायला आले होते. ऊन चढेपर्यंत ती नदीच्या काठाने फिरली, विजेच्या खांबावर तांबड्या रंगाने एक खूण केली आणि शेजारच्या काकांच्या ओट्यावर सावलीला बसली. काकूंनी त्यांना ताक दिलं. काय मोजताय, असं काकांनी विचारलं. पूररेषा, त्यांच्यातला एक म्हणाला. जुनी आहे, आता नव्याने आखायची आहे. पप्पा आमच्या बाजूने भिंतीशी उभे राहून ऐकत होते. खरं सांगायचं तर सगळ्यांनाच बरं वाटलं. सीना नदीकडे सरकारचं लक्ष गेलंय, एवढाच आम्ही त्याचा अर्थ घेतला.

पप्पा शाळेत चित्रकला शिकवायचे. काका साखर कारखान्यात फिटर होते, मूळचे बेलापूरकडचे. दोघांची ओळख कधीतरी बसमध्ये झाली आणि पुढे दोघांनी नगरमध्ये लागून लागून दोन प्लॉट घेतले. नदीकडचा कुणी घ्यायचा, यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या होत्या. पण माझ्या मम्मीला पाण्याची भीती. लहानपणी तिचा एक भाऊ विहिरीत बुडाला होता. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या टाकूच दिल्या नाहीत. नदीकडचं वारं आपल्याला मानवतं, असं सांगून तो प्लॉट त्यांनी घेऊन टाकला. मम्मी गेल्यानंतर पप्पा ही गोष्ट वरचेवर सांगायला लागले.

दोन्ही घरांना मिळून एकच बोअर होती. ती आमच्या हद्दीत, मोटार त्यांच्या मीटरवर. काका पप्पांना मास्तर म्हणत, पप्पा त्यांना फिटर. रविवारी चर्चमधली उपासना आटोपून पप्पा परतले की काका त्यांची वाट बघत ओट्यावर बसलेले असत आणि मग दोघं जेवणाच्या हाकेपर्यंत पेपर वाचत. फारसं बोलत नसत.

नव्या रेषेचा नकाशा दीड-दोन वर्षांनी आला. कुणीतरी तो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, पण मोबाईलवर काही कळेना. पप्पांनी मला त्याची मोठी प्रिंट काढून आणायला सांगितलं. जेवणाच्या टेबलावर ती पसरून त्यांनी भिंग घेतलं. मी आणि काका दोन बाजूंना उभे होतो. नकाशात नदीच्या दोन्ही अंगांना आधी निळी रेषा होती, तिच्या बाहेर लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी. निळी आणि लाल यांच्या मधल्या जागेत अटींवर परवानगी. जोतं पुराच्या पातळीपेक्षा वर घ्यायचं. पप्पांचं बोट गल्लीच्या कोपऱ्यापासून सरकत सरकत आलं आणि आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर थांबलं. निळी रेषा त्या भिंतीवरूनच गेली होती.

काकांनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघितलं.

"म्हंजे मी आत आन् तुमी भाईर," ते म्हणाले. मग भिंग पुसून टेबलावर ठेवलं.

नेमकं त्याच सुमाराला काका-काकू पुण्याला लेकीकडे जायच्या तयारीत होते. काकांचे गुडघे गेले होते, काकूंना साखर होती. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, दोघंही नोकरी करणारं एक तरुण जोडपं. त्यांचा इसार झाला होता. पण त्यांच्या बँकेने नवा नकाशा बघून कर्ज द्यायला नकार दिला. जोडपं स्वतः येऊन हे सांगून गेलं. त्यातली मुलगी ओट्यावर बसून रडली. नव्या घरात कुठे काय ठेवायचं हे तिने आधीच मनाशी ठरवलं होतं. काकूंनीच तिची समजूत घातली. काकांनी इसार त्याच दिवशी परत केला.

पुढे विम्याचं नूतनीकरण आलं. काका दरवर्षी न चुकता घराचा विमा उतरवत. कारखान्यात यंत्रांचा विमा असतो, मग घराचा का नको, असा त्यांचा हिशोब. विम्याचा एजंट गल्लीतलाच, ओळखीचा. त्याने खाली बघत सांगितलं की कंपनी आग धरेल, भूकंप धरेल, चोरीसुद्धा धरेल. पण निळ्या रेषेच्या आतल्या घराला पुराचं संरक्षण आता देणार नाही.

काका शांतपणे म्हणाले, "आगीचं मला भ्या न्हाई, बाबा. नदी माझ्या उशाला हाय."

तरीही त्यांनी तो विमा घेतला. एवढ्या वर्षांचं आहे, मोडायला नको, म्हणाले.

हरकत घ्यायला मुदत होती. पप्पांनी काकांसाठी अर्ज लिहिला, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात, आणि सोबत दोन्ही घरांचं मोजून काढलेलं रेखाचित्र जोडलं. सुनावणीला मीच दोघांना रिक्षाने घेऊन गेले. साहेब तरुण होते. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, अर्ज शेवटपर्यंत वाचला, चित्राचं कौतुक केलं. मग म्हणाले की रेषा पाण्याच्या पातळीवरून ठरते, घरावरून नाही. ती कुठेतरी संपणारच आणि जिथे संपते तिथे कुणाचं तरी घर असतंच. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. परत येताना गल्ली आल्यावर पप्पा म्हणाले, "फिटर, तुमचं विकलं जात नाही तोवर माझंही विकणार नाही."

असं म्हणायला कारण होतं. एक बिल्डर दोन्ही प्लॉट एकत्र मागत होता. नकाशा आल्यावर त्याने काकांचं नाव सोडलं आणि एकट्या आमच्या जागेसाठी यायला लागला. पप्पा त्याला चहा पाजून परत पाठवत.

त्या हिवाळ्यात पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली. मी त्यांना केडगावला आणलं. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, शाळेची नोकरी आणि घरात मी एकटी. दिवसभराला बाई ठेवली, व्यायाम करून घ्यायला माणूस यायचा. तळमजल्यावर मोठी जागा हवी होती आणि त्यासाठी पैसा. बिल्डर मला भेटायला शाळेत आला.

मी लगेच हो म्हटलं नाही. पण मनातून माझं ठरलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. एका रविवारी मी काकांकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते; तिथे गेल्यावर काही बोलावंच लागलं नाही.

"इकून टाक, पोरी," काका म्हणाले. "मास्तरनं शब्द दिल्ता, तवा त्याला हातपाय हुते. मी त्यातनं त्याला मोकळा करतो."

काकू आत निघून गेल्या. थोड्या वेळाने काका म्हणाले की एकच काम कर. रस्त्याचं पावसाचं पाणी आमच्या प्लॉटच्या कडेच्या ओघळीतून नदीला जायचं. बिल्डर जोतं उचलायला भराव टाकणार, भोवती भिंत घालणार. "त्या पान्याला वाट ठिवायला सांग त्याला. मी सांगून न्हाई ऐकायचा. तू जागेची मालकीन, तुझं ऐकंल."

मी सांगते म्हणाले.

आणि मी सांगितलंही. खरेदीखताच्या दिवशी, नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर, पप्पांना खुर्चीसकट वर चढवायच्या गडबडीत. बिल्डर म्हणाला, "होय मॅडम, काळजी करू नका." ते करारात लिहून घ्यायला हवं होतं. वकील बाजूलाच उभे होते. पण लिहा म्हटलं असतं तर काम आठवडाभर पुढे गेलं असतं, आणि मला त्या पायऱ्या पुन्हा चढायच्या नव्हत्या. आत पप्पांचा डाव्या हाताचा अंगठा घेतला. शाई पुसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

इमारत वर चढायला लागली. पायाच्या कामात बोअर बुजली. काकू नळाच्या पाण्यावर भागवायला लागल्या. मी तिकडे जाणं कमी केलं. पप्पांचं कारण होतंच. एकदा बसमधून जाताना लांबून भराव दिसला, त्याच्या भोवतीची दगडी भिंत दिसली. ओघळ दिसली नाही. पुढच्या स्टॉपवर उतरून बघता आलं असतं. मी उतरले नाही.

पुढच्या पावसाळ्यात नदीला पाणी आलं. सकाळी शाळेतच मला कळलं की नदीवरचा पूल बंद केलाय. काकांचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी पोचले. नदीचं पाणी मागच्या दाराने आलं होतं आणि रस्त्याचं पाणी, ओघळ बंद झाल्यामुळे वळून, पुढच्या फाटकातून. दोन्हीकडचं पाणी घरात एकत्र झालं आणि बघता बघता कमरेच्या वर चढलं. इमारतीवरच्या गवंड्यांनी काकूंना खुर्चीत बसवून उचललं आणि दोघांना पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर नेलं. पाणी उतरेपर्यंत ती दोघं तिथे बसून होती. त्याच्या बरोबर खाली पूर्वी आमच्या घराचं स्वयंपाकघर होतं, काकूंनी मला सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, मला जागा ओळखू यावी म्हणून.

घरात घोट्याएवढा गाळ होता. गाद्या, धान्य, लेकीच्या लग्नाचे फोटो, सगळं त्यात. मी पदर खोचून फावडं घेतलं. काका ओट्यावर बसून होते, विम्याचे भिजलेले कागद एकेक करून उन्हात पसरत. त्यांतून काही मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. तलाठी पंचनामा करून गेला. नदीचं पाणी तर आलंच असतं, असं मी त्या दिवशी स्वतःला किती वेळा सांगितलं. आलं असतं कदाचित. पण कमरेच्या वर चढलं असतं का, हे मला माहीत नाही. इमारत नियमाप्रमाणे होती, जोतं पुराच्या पातळीच्या वर होतं. कागदावर कुणाचंच चुकलं नव्हतं.

काका ओघळीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

महिन्याभरात लेक येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं. ते कुणी विकत घेत नाही, भाड्यानेही घेत नाही. ओलीने पापुद्रे निघून भिंती उघड्या पडल्यात. काका पुण्यात वर्षभरच राहिले. न्युमोनियाने गेले, असं लेकीने फोनवर सांगितलं. तेव्हा पप्पांना ताप होता, मला जाता आलं नाही. तेराव्यानंतर गेले.

काकू नवव्या मजल्यावरच्या एका खोलीत पलंगावर बसल्या होत्या. लेक कामावर गेली होती. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या, लिहून न घेतलेली अट, बसमधून दिसलेली भिंत. काकूंनी मध्ये थांबवलं नाही.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "ते सोता गेल्ते बिल्डरकडं, भिंत निम्मी झाल्ती तवा. तो म्हनला, बाईंनी लिहून घेतलं न्हाई. घरी येऊन मला म्हनले, पोरीला काय बोलू नको. तिच्या घरात बाप पडून हाय."

मला रडू आलं. काकू रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जरा वेळाने काढून घेतला. मग पप्पा काय खातात, बसता येतं का, अशी चौकशी केली. निघताना मी नमस्कार केला, तेव्हा म्हणाल्या, "राग न्हाई, बाई. पन त्यांना तिथंच मरायचं हुतं."

संध्याकाळी केडगावला पोचले. बाई निघून गेली होती. पप्पा जागे होते. कुठे गेलीस, असं त्यांनी भुवयांनी विचारलं. काका गेल्याचं मी त्यांना आधी सांगितलं होतं, पण ओघळीचं कधीच नाही. त्या दिवशी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तोंड भिंतीकडे वळवून डोळे मिटले. झोपले असं वाटून मी दिवा बंद करायला उठले, तर त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना असावी. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.