पावती नको म्हणणारं मैदान

मॅच सुरू होऊन बराच वेळ झाला, तरी पावतीच्या टेबलाकडं एक माणूस फिरकला नव्हता. मैदान खच्चून भरलेलं. टेबलावर पावतीपुस्तक, कार्बन पेपर आणि मागं मी.

मी तेव्हा कोल्हापुरात धर्मादाय खात्यात निरीक्षक होतो. लोकांना वाटतं, चांगल्या कामासाठी वर्गणी काढायला कुणाला कशाला विचारायचं? विचारावं लागतं. नोंदणी केलेला ट्रस्ट नसेल, तर आधी खात्याला कळवायचं, वर्गणी कशासाठी ते सांगायचं, पावत्या द्यायच्या आणि शेवटी हिशेब दाखवायचा. नव्वदच्या दशकातही दानाच्या नावाखाली खिसे भरणारे कमी नव्हते, म्हणून हा जाच.

कोल्हापुरात कुस्तीच्या तालमी फुटबॉलचे संघही बाळगतात; शिवाजी पेठेतल्या एका तालमीचाही होता. त्यांच्या खेळाडूशी टक्कर होऊन शेजारच्या, पिढ्यान्‌पिढ्या वैर असलेल्या पेठेतल्या बाळूचा पाय मोडला. मुद्दाम नव्हे, दोघं एकदम बॉलवर गेले. बाळू कारखान्यात टेंपररी होता. ऑपरेशन करून पायात प्लेट घातली नाही तर चालता येणार नाही, आणि चालता आलं नाही तर नोकरी गेलीच. ज्यांच्या खेळाडूकडनं असं घडलं त्यांनीच मॅच लावून मदत जमवायची, ही त्या तालमीची रीत. अध्यक्ष बापू रीतसर अर्ज घेऊन ऑफिसात आले. अर्ज घेऊन आलेली तालीम मी पहिल्यांदाच बघत होतो.

अर्जात नुसतं बाळूचं नाव होतं. एकाच माणसासाठी काढलेली वर्गणी सार्वजनिक धर्मादाय कामात बसत नाही. मग ‘गरजू जखमी खेळाडूंना वैद्यकीय मदत’ असा उद्देश लिहून घेतला. उरेल ते पुढच्या जखमी खेळाडूला. हे बापूंना पटलं. पण पैसे चादर फिरवून घेणार, असं ते म्हणाले. चौघं चार कोपरे धरून मैदानाभोवती चालणार, लोक त्यात टाकणार. मी साफ नाही म्हटलं. उघडी चादर, ना नोंद ना पावती. साहेबांनी मलाच त्यात गुंडाळलं असतं. प्रत्येकाला पावती द्यायची, या अटीवर परवानगी मिळाली.

हाफटाइमला बापू टेबलाशी आले. चांगलेच तापले होते.

“सायेब, पावती म्हंजे नाव आलं. आमच्यातल्या कुणी त्या पेठंच्या पोराला पैसं दिल्याचा कागद घावला, तर गल्लीत तोंड दावाय जागा ऱ्हाईल व्हय?”

“चादरीत टाकताना कुणी बघत नाही?”

“न्हाय की. धरणारी पोरं मान वर करून चालत्यात. खाली बघायचंच न्हाय. कुणी शंभर टाकलं, कुणी रिकामी मूठ सोडली, कुणाला कळत न्हाय.”

आमच्या नमुन्यात याला रकाना नव्हता. समोरच्या दुकानातनं साहेबांच्या घरी फोन लावला. त्यांची दुपारची झोप मोडली होती. सीलबंद पेटी चालेल, पंचांसमोर, म्हणजे साक्षीदारांसमोर, बंद करा, पंचांसमोर उघडा, आणि सील तुटलं तर उद्यापासून ऑफिसला येऊ नका, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

चहाच्या गाड्यावरनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. झाकणाला फट पाडली, कडेनं कागद चिकटवला आणि त्यावर पंच म्हणून दोन्ही पेठांतल्या तालमींच्या अध्यक्षांच्या सह्या घेतल्या. चौघांनी तो डबा चादरीत ठेवला आणि नेहमीसारख्या माना वर करून निघाले. मीही त्यांच्यामागं वर बघतच चाललो. दोनदा ठेचकाळलो.

दुसऱ्या दिवशी डबा पंचांसमोर उघडला. ऑपरेशनपुरते पैसे निघून थोडे उरले. हिशेब पास झाला. तेव्हापासून अर्ज आला की किती जमवणार हे विचारायच्या आधी मी कसं जमवणार ते विचारायला लागलो.

बाळूचा खेळ सुटला, नोकरी टिकली. काही महिन्यांनी तो काठी टेकत ऑफिसात आला. पैसे कुणी कुणी दिले ते सांगा, एकेकाच्या घरी जाऊन आभार मानायचे आहेत, म्हणाला. माझ्याकडं नावं नाहीत, असं मी सांगितलं. खरंच नव्हती.

“म्हंजे आता त्या पेठंत कुणासंगच भांडायची सोय ऱ्हायली न्हाय की,” म्हणाला आणि काठी घेऊन उठला.