आता पाडू का?

नंदा गायकवाड मला ऑफिसात पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं मी वाटलेला पेढा खाल्ला, बोटं ओढणीला पुसली आणि विचारलं, "मस्त उभं राहिलंय अक्का. आता पाडू का?"

पाडायचं होतं ते माझं क्लस्टर. आठवडाभर खपून मी ते उभं केलं होतं आणि त्या आनंदात कोठीच्या बाजारातून पेढे आणले होते. क्लस्टर म्हणजे काय ते मी माझ्या सुनेला असं सांगते: प्रोग्रॅम डब्यांत भरायचे, ते डबे बऱ्याच मशीनवर वाटायचे, आणि एक मशीन झोपलं तर त्याचे डबे दुसऱ्यानं उचलायचे. मशीनच्या त्या टोळीला क्लस्टर म्हणतात. ही टोळी हातानं न जुळवता एका कमांडनं आपोआप जुळली पाहिजे, हे हैदराबादच्या आमच्या ऑफिसातलं काम. त्याची कृती ज्या फाइलीत लिहितात तिला प्लेबुक म्हणायचं. सून म्हणते, कळलं. तिला कळलेलं नसतं, पण ती गुणी आहे.

मी तेव्हा तरुण होते. पंचावन्न वर्षांची. केस रंगवायचे, मंगळसूत्रावरून आयकार्ड मिरवायचे, आणि एखादी गोष्ट चालू लागली की तिच्या आसपास चपला काढून वावरायचे. चालतंय ना, मग हात लावू नका. असली बाई होते मी, आणि माझ्यापुढे ही येऊन उभी राहिली, जिला चालणारी वस्तू बघवत नसे.

"पाडू म्हणजे?" मी विचारलं.

"पुसून टाकायचं सगळं. कोरी मशीन. मग तुमचं प्लेबुक पुन्हा चालवायचं. एकदा चाललं ते नशीब असतं अक्का. पाडून पुन्हा उभं राहिलं तर ते काम."

मी नको म्हणेपर्यंत तिनं पाडलं होतं. ते पुन्हा उभं राहिलं नाही, हे सांगायला नकोच. उरलेले पेढे मी घरी नेले.

नंदाचे आजोबा नांदेडकडून हैदराबादला आले, अफझलगंजात हमाली केली. वडील बँकेत चिकटले, आणि ती जामबागेतल्या शाळेत शिकली. तिच्या मराठीत दखनी कुठून शिरायची ते तिचं तिलाही कळत नसे. पॅकेजांचं, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या पुड्यांचं, भांडण लागलं, एकाला दुसऱ्याचं हे व्हर्जन हवं आणि तिसऱ्याला ते, की आमची मुलं व्हर्जनचे आकडे वरखाली करत बसत. नंदा खुर्ची ओढून विचारी, "लग्नात राडा झाला तर आधी काय विचारतेत? ह्याला बोलावलं कोणी. तेच विचारा." मग ती एकेका पॅकेजचं बोलावणं शोधत मागे जायची. हा आला त्याच्यासोबत, तो आला ह्याच्यासोबत, आणि शेवटी सापडे तो मूळ यजमान, साळसूद चेहऱ्याचा.

आता खरी गोष्ट सांगते. एका मोठ्या ग्राहकाला आमचं काम बघायचं होतं. पसंत पडलं तर ते आमच्याकडे राहणार, नाहीतर टीम मोडून लोक पुण्याला जाणार, असं आमच्या रेड्डी सरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मला फरक पडत नव्हता. पुण्यात माझी बहीण आहे. फरक पडत होता नंदाला. तिच्या नवऱ्याचं, बालाजीचं, कोठीत जुन्या पुस्तकांचं दुकान. इंजिनिअरिंगची, डॉक्टरकीची अर्ध्या किमतीतली पुस्तकं, आणि तीस वर्षांची, त्याच्या वडिलांपासूनची गिऱ्हाइकं. "ते दुकान काय ढकलगाडीवर घालून पुण्याला नेऊ?" ती म्हणायची. तिला हैदराबाद सोडायचं नव्हतं.

ग्राहक दुपारी येणार होता. क्लस्टर आदल्या दिवशीच उभं होतं, पडद्यावर हिरवंगार, म्हणजे सगळं चालू. मधे मशीन जरा अडली होती, तर नडणारं पॅकेज मी एकेका मशीनवरून हातानं काढून टाकलं होतं. सकाळी चहा घेताना हा पराक्रम मी नंदाला रंगवून सांगितला.

"प्लेबुकात लिहिलाव?" तिनं विचारलं.

"लिहायचं काय त्यात? काढलं ना."

तिनं कप ठेवला. "मग ते तुमच्या हातानं चालायलंय अक्का, कमांडनं नाही." आणि खुर्चीकडे जात म्हणाली, "पाडते."

मी तिचा दंड धरला. "नंदे, तुझं दुकान आहे ना गं कोठीत?"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि पुसलं.

रेड्डी सर धावत आले. त्या दिवशी त्यांनी टाय घातला होता, त्यामुळे ते आधीच गुदमरलेले. "नंदा, चलता सो चीज कू कायकू गिराए तुम?"

"सर, गिरना है तो अब्बी गिरने दो," ती म्हणाली. "उनके सामने नक्को."

प्लेबुक सुरू केलं आणि ते अडलं. जिथं मी हात मारला होता तिथंच, सगळ्या मशीनवर. डबे चालवणारं एक पॅकेज मशीनच्या सिस्टिमसोबत आधीच आलेलं, आणि आमचं प्लेबुक त्याच कामाचं दुसरं घेऊन आलेलं. दोघांचा दावा एकाच फाइलीवर. "फोर्स लाव," मी म्हटलं. म्हणजे तपासणी न करता दामटून बसव. नंदानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी आता नातवाकडे बघते. "दामटून बसवलेला पाहुणा जेवण वाढल्यावर उठतो अक्का. सर्वांसमोर." तिनं प्लेबुकाच्या तोंडाशीच ओळ घातली: सिस्टिमचं पॅकेज आधी काढ, मगच आपलं बसव. पुन्हा पुसलं, पुन्हा चालवलं.

पहिला अडथळा ओलांडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच पायरीवर लाल अक्षरं आली.

आता मात्र कोणाला काही कळेना. काल ह्याच प्लेबुकानं ही पायरी पार केली होती. इथं माझा हातबीत लागलेला नव्हता. सर घड्याळ आणि टाय आळीपाळीनं ओढत होते. नंदा पुटपुटत होती, "ह्याला बोलावलं कोणी, ह्याला बोलावलं कोणी." एकदम थांबली. क्लस्टर उभारणाऱ्या पॅकेजपुढे व्हर्जनचा नंबर लिहिलेला होता. पण प्रत्येक मशीनवर डब्यांची देखरेख करणारा जो एजंट बसतो, त्याच्यापुढे नंबर नव्हता. तिथं लिहिलं होतं 'लेटेस्ट'. पॅकेजं ज्या कोठारातून उतरतात तिथं सकाळीच नवं व्हर्जन आलं होतं, त्यामुळे एजंट निघाला उभारणाऱ्यापेक्षा पुढचा, आणि उभारणारा त्याला घरात घेईना.

"हे लेटेस्ट कोणाचं?" सरांनी विचारलं. ओळ कोणी लिहिली ते कंप्युटर सांगतो. त्यानं माझं नाव सांगितलं.

माझंच असणार. जी बाई मेथीची जुडी तीनदा हुंगून घेते, ती दुसरं काय लिहिणार? भाजी ताजी तसं व्हर्जन ताजं, एवढीच माझी अक्कल. नंदा हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं की-बोर्ड माझ्याकडे सरकवला. "तुमची ओळ, तुम्हीच नंबर घाला. आणि कुलूप लावा, म्हणजे उद्या कोणी अपडेट केलं तरी हलणार नाही." मी सगळ्या पॅकेजांपुढे नंबर घातले, कुलपं लावली. गंमत म्हणजे मजा येत होती. प्लेबुक चालवलं. एकेक मशीन हिरवं होत गेलं, शेवटचंसुद्धा.

सरांनी टाय सैल केला. आणि मी, चपला काढून वावरणारी मी, म्हणाले, "नंदे, पाडायचं का पुन्हा?"

ती इतकी गोड हसली की बस. "आता नक्को. आता तेच पाडतील."

ग्राहकाच्या बाई आल्या, त्यांनी हिरवा पडदा बघितला, छान म्हणाल्या. आमच्या बाजूनं संपलंच होतं. तेवढ्यात नंदानं त्यांच्यासमोर की-बोर्ड ठेवला. "मॅडम, आप गिराओ. फिर आपही उठाओ."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी एका बोटानं कळ दाबली; क्लस्टर गेलं. मग दुसरी कमांड. उस्मानिया बिस्किटं फिरली, कोणी खाल्ली नाहीत. नंदा उभी होती, ओढणीचं टोक मुठीत घट्ट. तेवढंच काय ते दिसलं तिच्या भीतीचं. हिरवं, हिरवं, हिरवं. शेवटचं मशीन उगीच रेंगाळलं आणि तेही झालं.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "एक बार और?"

काम आमच्याकडे राहिलं. दुकान कोठीत राहिलं.

राहिलं, पण काही वर्षंच. मुलं फोनवर वाचू लागली, आणि जुन्या पुस्तकांना गिऱ्हाईक उरलं नाही. मी नंदाचं सांत्वन करायला तोंड लांब करून गेले, तर ती बालाजीसोबत दुकानात खोकी बांधत होती. "पाडायलोय अक्का. नांदेडला अभ्यासिका काढणार आहे हा, मी घरून दुसरं काम करीन." ज्या दुकानासाठी तिनं ओढणी मुठीत धरली होती, त्याच्या फळ्या ती स्वतः उतरवत होती. मी मुकाट्यानं सुतळी धरली.

ऑफिसातल्या तिच्या शेवटच्या दिवशी तिनं मला क्लस्टर पाडून पुन्हा उभारायला लावलं आणि स्वतः दोन्ही हात मांडीखाली दाबून समोर बसली. काही विचारलं तर सांगणार नाही, म्हणाली. मी काही विचारलं नाही. उभं राहिलं तेव्हा ती उठली, पर्स घेतली. "आता जाते," म्हणाली, आणि मग इतकी रडली की तिच्यासाठी आणलेले पेढे द्यायचं मला सुचलंच नाही.

परवा नांदेडहून फोन आला. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज. "अक्का, उभी राहिली अभ्यासिका. एकूण एक खुर्ची भरली."

"एकदा भरली ते नशीब, नंदे," मी म्हटलं.

 पलीकडे ती हसायला लागली, आणि कोणीतरी अभ्यास करणारं तिला गप्प राहा म्हणालं.