बेसिनजवळचं टेबल

हॉटेलात बेसिनजवळच्या टेबलावर बसायचं नाही, हा कंडक्टरबाईंचा नियम. तिथं बसलं की चूळ भरणारा प्रत्येक माणूस आरशातून तुमच्या प्लेटीत डोकावतो. गर्दी असली तर बाई दारात तिष्ठत राहत, पण तिकडे वळत नसत. वेटरनं फारच आग्रह केला तर म्हणत, "सगळी नोकरी उभ्यानं केलीय मी. अजून थोडा वेळ उभी राहिले तर पाय झिजणार नाहीत."

नवरा बाईंच्याच बसचा ड्रायव्हर. पुढे तो, मागे त्या, मध्ये माणसं कोंबलेली, त्यामुळे दोघांचं बोलणं काय ते बेलवर. एक बेल थांबायची, दोन बेल निघायची. लग्नही बेलवरच जमलं. एका थांब्यावर माणसं चढली, उतरली, तरी बेल मिळेना. ड्रायव्हर वाट पाहत बसले. प्रवासी कुरकुरायला लागले. तेवढ्यात बाई खाली उतरून पुढे आल्या आणि खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी जेवायला जायचं का बाहेर? हो म्हणालात तर दोन बेल देते." ड्रायव्हर हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर बस अजून तिथंच उभी असती, असं ते पुढे पाहुण्यांना सांगत.

सुट्टी बुधवारी असे. त्या दिवशी घरात चूल पेटणार नाही, हे बाईंनी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. उपनगरातली झाडून सगळी हॉटेलं त्यांनी पालथी घातली. पुलाखालचं, जिथं खुर्च्या डगमगत पण मासळी ताजी मिळे. बेकरीच्या माडीवरचं, जिथला मालक पंखा लावायला कुरकुर करी. आणि चौकातलं, ज्याच्या खिडकीतल्या टेबलावरून बसथांबा दिसायचा. दोघं तिथंच जास्त रमत. चाकरमाने लोक सुट्टीच्या दिवशी कामाच्या जागेकडे पाठ करून बसतात. हे दोघं थांब्याकडे तोंड करून बसत आणि आज गाडीवर असलेल्यांची उणीदुणी काढत जेवत.

जेवायची रीतही त्यांची त्यांची. दोघांनी वेगवेगळं मागवायचं. प्लेट अर्धी झाली की बाई काट्यानं ग्लासवर दोनदा टिचकी मारत, टिंग टिंग, आणि प्लेटी बदलायच्या. तोंडात घास असो, गोष्ट अर्धवट असो, बेल म्हणजे बेल. बेल द्यायचा हक्क कंडक्टरचा. ड्रायव्हरनी कधी दिली नाही. लेक लहान असताना तिला वाटे, सगळ्यांचे आईबाप असंच जेवतात. मैत्रिणीच्या घरी जाऊन तिनं तिच्या वडिलांपुढची प्लेट ओढली, तेव्हा तिला खरं काय ते कळलं.

निवृत्तीनंतर सगळेच वार सुट्टीचे झाले, पण बुधवार बुधवारच राहिला. मग ड्रायव्हरना कंपवात झाला.

आधी उजव्या हाताचा अंगठा, मग पंजा, मग कोपरापासून सगळा हात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चालणं सुधारलं, हाताला मात्र ब्रेक लागेना. सगळ्यात आधी सूप सुटलं. चमचा तोंडाशी येईपर्यंत रिकामा व्हायचा. मग रस्सा गेला, मग मटार. ड्रायव्हर विनोद करत, "गाडी जुनी झाली, इंजिन चालू केलं की दरवाजे वाजतात." पण मेन्यूकार्ड हातात आलं की आता ते आवडीचं शोधत नसत, न सांडणारं शोधत.

लेक येऊन सांगून गेली, "आई, घरी मागवत जा ना. गरमागरम येतं दारात. कशाला बाबांची फजिती?"

"फजिती कोणाची होते? बाबांची की तुझी?"

"तू सरळ उत्तर देशील तर शपथ."

"सरळ उत्तर देते. घरातलं टेबल मला पाठ आहे. त्याच्या खिडकीतून शेजारच्यांच्या चड्ड्या वाळताना दिसतात."

लेकीनं हात टेकले. ती वाईट नव्हती. तिला फक्त लोक बघतात ते सहन होत नव्हतं. बाईंना लोक बघतात याचं काही वाटत नसे. भरलेल्या बसमध्ये चार माणसांशी भांडून जिनं तिकिटं फाडली, तिला नजरांची काय भीती?

चौकातलं हॉटेल मधल्या काळात थोरल्या मालकाकडून धाकट्याकडे आलं होतं. धाकट्यानं भिंती रंगवल्या, दिवे मंद केले आणि टेबलांवर दुधासारखी पांढरी कापडं अंथरली. एका बुधवारी प्लेटी बदलल्यावर त्या कापडावर ड्रायव्हरांच्या हातून बाईंचा लाल रस्सा सांडला. ओघळ टेबलाच्या कडेपर्यंत गेला. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं पर्स उचलून मांडीवर घेतली आणि खुर्ची सरकवली. एवढंच झालं.

पुढच्या बुधवारी धाकटा मालक स्वतः दारात आला. अगदी गोड बोलला. "आजी, आजोबा, आत या. तुमच्यासाठी खास शांत जागा ठेवलीय." आत म्हणजे लाकडी पडदीच्या मागे. तिथं एकच टेबल होतं. त्यावर कापड नव्हतं, जुनं पुसायचं प्लास्टिक होतं. शेजारी बेसिन.

"इथं तुम्हाला मोकळं वाटेल," तो म्हणाला.

"आम्हाला की तुम्हाला?" बाईंनी विचारलं. "खिडकीतलं टेबल रिकामं दिसतंय."

"ते... ठेवलंय कुणासाठी तरी."

बाईंनी पदर खोचला. त्यांची ती खूण सगळ्या डेपोला माहीत होती. पुढे काय होणार हे ड्रायव्हरनाही माहीत होतं. त्यांनी डावा, धड हात उघडा करून प्लास्टिकवर आपटला. एकदाच.

एक बेल. थांब.

बाई थांबल्या. इतक्या वर्षांत ड्रायव्हरनी बेल दिली नव्हती, आणि दिली ती ही. दोघं भिंतीकडे तोंड करून जेवले. दोन माणसं हात धुऊन गेली. अर्धी प्लेट झाली तरी बाईंनी काटा उचलला नाही, आणि ड्रायव्हरनी वाट पाहिली नाही. ज्यानं त्यानं आपापलं संपवलं.

घरी परतताना ते म्हणाले, "पुढच्या वेळेपासून पार्सल आणू. लेकीचं खरं आहे, मालकाचंही खरं आहे. सांडायचंच आहे तर घरी सांडू."

"माझं खरं काय आहे ते मी अजून सांगितलेलंच नाही," बाई म्हणाल्या, आणि आठवडाभर त्यांनी तो विषय काढला नाही.

बाईंना कळत होतं की प्रश्न खिडकीतल्या टेबलाचा नाही. या माणसानं एकदा पार्सल म्हटलं की पुढे बागेत फिरणं बंद होईल, मग थांब्यापर्यंतची चक्कर, मग लेकीच्या घरी जाणं. पडदी हॉटेलातून उठून घरात येऊन बसेल. अशी माणसं त्यांनी बघितली होती. बरं व्हायची वाट पाहत घरी बसतात आणि मग फक्त बसतात.

बुधवारी संध्याकाळी बाईंनी बाहेरच्या चपला घातल्या. ड्रायव्हर खुर्चीत बसून होते.

"कुठं?"

"जेवायला."

"मी येणार नाही म्हटलं ना."

"मी कुठं म्हटलं या? गाडी वेळेवर सुटते. ज्याला यायचं तो येतो."

"वेडी आहेस."

"ते तुम्हाला त्या थांब्यावरच कळायला हवं होतं."

हॉटेलात धाकटा मालक दारात यायच्या आत बाई खिडकीत जाऊन बसल्या. जुना चष्मेवाला वेटर आला. बाईंनी दोन प्लेटी मागवल्या, एक आपली, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीची. वेटरनं काही विचारलं नाही. मालकानं विचारलं.

"आजोबा नाही आले?"

"येताहेत."

"लोक थांबलेत आजी. तुम्ही एकट्याच आहात तर आत..."

"बाळा, बसमध्ये रुमाल टाकून लोक जागा धरतात. मी तर भाताची प्लेट ठेवलीय."

तो गेला. बाई जेवायला लागल्या. समोरच्या भातातून वाफ येत होती, मग यायची थांबली. शेजारच्या टेबलावरचं जोडपं टक लावून बघत होतं. अर्धी प्लेट झाली तेव्हा बाईंनी काटा उचलून ग्लासवर दोनदा वाजवला. आपली अर्धी प्लेट समोर सरकवली, तिकडची भरलेली इकडे घेतली आणि खायला सुरुवात केली.

थांब्यावर बस आली आणि गेली. ती हलल्यावर मागे एक माणूस उभा दिसला. पायात घरातल्या सपाता, शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. बटणं रोज बाई लावत. ड्रायव्हर किती वेळ तिथं उभे होते कुणास ठाऊक. बाईंनी खिडकीतून हात केला नाही. पुढचा घास घेतला.

ड्रायव्हर आत आले. मालकानं त्यांना कोपराला धरून पडदीकडे वळवायला पाहिलं. "आजोबा, इकडून."

"रस्ता माहीत आहे मला," ड्रायव्हर म्हणाले आणि खिडकीत येऊन बसले. समोरच्या प्लेटीकडे पाहिलं. "माझा भात कुठंय?"

"वेळेत आला नाहीत. प्लेट फिरली."

"हे उष्टं?"

"आजवर काय नवीन खात होतात?"

त्यांनी चमचा उचलला. पहिला घास निम्मा पोचला, निम्मा पांढऱ्या कापडावर. दुसराही तसाच. बाईंनी हात पुढे केला नाही, रुमालही नाही. मालक येऊन उभा राहिला आणि डागाकडे पाहत राहिला.

"कापड धुतलं की निघेल," बाई म्हणाल्या. "नाही निघालं तर गडद रंगाची घ्या. थोरल्या मालकांची लाल होती. त्यांना गिऱ्हाइकं माहीत होती."

"आजी, मी काही बोललो का?"

"तेच सांगतेय. बोलू नका."

ड्रायव्हर खात होते. थोड्या वेळानं त्यांनी चमचा खाली ठेवला, काटा उचलला, तोही उजव्या हातात, आणि ग्लासवर वाजवायला गेले. हात थांबेना. टिंग टिंग टिंग टिंग टिंग, असा सगळ्या हॉटेलभर आवाज झाला. लोक वळून बघायला लागले.

"किती बेल देताय?" बाईंनी विचारलं.

"तुला हव्या त्या दोन धर."

"दुसऱ्यांदा फिरवत नाहीत."

"आज फिरवायची. माझा भात आहे तो."

त्यांनी आपली प्लेट दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलावरून पलीकडे न्यायला घेतली. प्लेट हिंदकळत निघाली, वाटेत ग्लासला लागली, रश्शाची रेघ ओढत बाईंच्या पुढ्यात पोचली. बाईंनी भाताची प्लेट त्यांच्यापुढे ढकलली. शेजारच्या टेबलावर या वेळी कुणी खुर्ची हलवली नाही. हलवली असती तरी बाईंचं लक्ष नव्हतं.

"भात गार झालाय," ड्रायव्हर म्हणाले.

"मग गरम काही मागवा."

ड्रायव्हरनी मान वळवून चष्मेवाल्या वेटरला बोलावलं. मालक अजून गल्ल्याशी उभा राहून ऐकत होता. ते त्याच्याकडे पाहत, सावकाश म्हणाले, "एक सूप आणा. वाटी काठोकाठ भरून."