ताईसोबत आत कोण थांबणार?

मंडळी, सकाळपासून लिहीन म्हणतोय. चहा, मोबाईल आणि गेटवरचं मांजर यातच टाइमपास झाला.

बदलापूरच्या दवाखान्यात ताईला कळा सुरू आहेत. डॉक्टर म्हणाल्या, "सोबत आपलं माणूस असलं की बाळंतपण सोपं जातं, हे अभ्यासातून दिसलंय. कोण हवंय?"

ताईने भाऊजींकडे बोट दाखवलं.

तिच्या सासूबाई उखडल्या. "आमच्यात पुरुष आत जात नाय! मी थांबते."

ताई रडायलाच लागली. भाऊजी बाहेर सटकले.

मी म्हटलं, "काकू, दुखतंय कोणाला?"

त्याही भाऊजींच्या मागे बाहेर गेल्या.

ताईला कोण हवंय हे डॉक्टर विचारतात, मग आपण घरचे का नाही विचारत?

अरे, भाऊजी आले! सासूबाईच दंड धरून आणतायत, "चल आत, ती थांबलीय तुझ्यासाठी!"