नंबर नसलेला पाय

इंग्रजांच्या राज्यात नागपुरात आजारी पडायचं, तर आजाराला आधी नंबर असावा लागे. सरकारी दवाखान्यात तो नंबर घालायच्या खिडकीवर मी कारकून होतो, म्हणून अधिकाराने सांगतो. छापील यादी चांगली लांबलचक होती. हिवतापाला नंबर, खरजेला नंबर, म्हातारपणालासुद्धा नंबर. डॉक्टर रोगाचं नाव सांगत, मी यादीतला नंबर चिठ्ठीवर घाली, आणि तो पाहूनच आत खाट मिळे. यादीबाहेरचा रोग निघाला तर बड्या साहेबांची सही लागे. उन्हाळ्यात बडे साहेब सरकारबरोबर पचमढीला थंड हवा खात असत. तेव्हा उन्हाळाभर नागपूरकरांनी यादीतल्या रोगांवरच भागवावं, अशी एकूण व्यवस्था होती.

अशाच एका मे महिन्यात इतवारीकडचा एक कोष्टी बायकोच्या खांद्यावर भार टाकून लंगडत आला. सकाळी मागावर बसला असताना उजव्या पायात एकाएकी असह्य कळ आली आणि पाय गुडघ्याखाली पांढराफटक पडला. बाहेर ऊन असं, की खिडकीचा गज धरवत नव्हता, आणि त्याचा पाय माठासारखा गार. आमच्या तरुण डॉक्टरांनी त्याला बाकावर निजवून घोट्याजवळ नाडी शोधली, गुडघ्यामागे शोधली आणि मान हलवली.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का यांना?"

"आला होता जी," बायको म्हणाली. "तवापासून यायची छाती धडधडते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. हृदयातली रक्ताची गुठळी सुटून मांडीच्या धमनीत अडकली होती. पायाचं रक्तच थांबलं होतं. आजच्या आज ती काढली नाही तर पाय जाणार. "नंबर बघा," ते म्हणाले.

मी बघितला. हृदयाच्या रोगांना नंबर होते, पण ते रोगी औषधाच्या वॉर्डात जात आणि तिथे चाकू चालत नसे. पाय सडण्याला नंबर होता, तो थेट शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नेई. पण त्यासाठी पाय आधी काळा पडायला हवा. पांढऱ्या पायाची सोय सरकारने केलेली नव्हती.

"परवापर्यंत थांबला तर यादीत बसेल," मी म्हणालो. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. डॉक्टर हसले नाहीत. बाई मात्र खिडकीशी आली.

"बाबूजी, पायाबिगर माग कसा चालवतीन जी हे? खालची पावडी काय हातानं दाबतीन?"

मी यादी पुन्हा वरपासून चाळली. सडक्या पायाखेरीज तडक शस्त्रक्रियेच्या वॉर्डात सोडायचे प्रकार दोनच, भाजणं आणि सर्पदंश. भाजल्याचं सोंग आणता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "साप लिहा."

कोष्टी कळवळत होता, तरी उठून बसला. "साप नाही चावला जी मले! खोटं काहून लिहून राहिले?"

"डॉक्टरसाहेब म्हणते तर चावला," बायकोने त्याला परत आडवं केलं. "चूप राहा तुमी."

मी नंबर घातला, त्याला आत नेलं, डॉक्टर हात धुवायला गेले. एक गोष्ट मात्र आम्ही दोघंही विसरलो. आत माणसाचं नव्हे, नंबरचं ऐकत. सर्पदंशाचा नंबर दिसला की मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरने विष वर चढू नये म्हणून पायाला पट्टी करकचून आवळायची, असा नियम. ज्या पायात रक्त उतरावं म्हणून एवढा खटाटोप, त्याच पायाला आमच्या कर्तव्यदक्ष ड्रेसरने गुडघ्यावर फास घातला. डॉक्टरांची आरोळी खिडकीपर्यंत ऐकू आली.

"अरे सोड! सोड ते आधी!"

"सापाच्या केसले बांधाच लागते जी, साहेब! नंबर पाहा ना!"

पट्टी कात्रीने कापावी लागली. ड्रेसर दिवसभर रुसून बसला.

डॉक्टरांनी जांघेत छेद देऊन, हाताशी होता त्या जाडजूड चिमट्याने गुठळी ओढून काढली. संध्याकाळी बाई धावतच आली. "पाय गरम झाला जी!" खरं तर कारकुनाला वॉर्डात काही काम नसतं, पण मी उठून गेलो आणि तळव्याला हात लावून पाहिला. गरम होता. मला इतका आनंद झाला, की मी ड्रेसरला चहा पाजला.

महिन्याच्या तक्त्यात सापाची जात लिहावी लागे. डॉक्टरांनी मण्यार सांगितली. वरून शाबासकी आली, ती वेळेवर पट्टी आवळणाऱ्या ड्रेसरला.

मग डॉक्टरांनी अशा शस्त्रक्रियेसाठी बारीक सुया, रेशमी दोरा आणि नाजूक चिमटे मागितले. पावसाळा सरता सरता उत्तर आलं, की या रोगाचा एकही रोगी या दवाखान्यात आल्याची नोंद नाही, सबब मागणी नामंजूर. खरा रोग कळवावा, तर खोट्या नंबरापायी आम्हा दोघांची नोकरी गेली असती. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मला त्या यादीची तेव्हा पहिल्यांदा चीड आली.

हिवाळ्यात एक टांगेवाला आला. डावा पाय पांढरा, थंडगार.

"साप," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, या थंडीत?"

"लिहा."

मी लिहिलं. या खेपेला पट्टी बांधू दिली नाही. पण चिमटा तोच होता. गुठळी मध्येच तुटली, निम्मी आत राहिली, आणि पाय काळा पडत गेला. आता सगळं सोपं झालं. काळ्या पायाला नंबर होता. साप खोडून मी तो घातला. कुणाची सही लागली नाही, कुणी काही विचारलं नाही. पाय मांडीपासून कापला.

त्याला घरी सोडायचा दिवस आला. निकालाच्या रकान्यात जिवंत माणसासाठी एकच शब्द ठरलेला होता. बाहेर व्हरांड्यात भिंतीचा आधार घेत तो कुबडीवर उभं राहायला शिकत होता, आणि खिडकीतून त्याच्याकडे बघत मी लिहिलं, 'बरा'.