पाण्याची पाच झाडं

२०१७ च्या पावसाळ्यात, बोर्डीतल्या आमच्या चिकूवाडीत, माझ्या काकांनी पाच झाडांवर चोरून बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारलं. त्या झाडांना कोणतंही औषध लावणार नाही, असा शब्द त्यांनी स्वतः दिला होता.

शब्द घेतला होता एका संशोधक मुलीने. समुद्री शेवाळाच्या पेशीभित्तिकेतून काढलेली साखर ती पीएचडीसाठी फळकुजीवर तपासत होती. ओट्यावर बसून तिने काकांना समजावलं, की बुरशी पानात शिरते तेव्हा पेशींच्या भिंतींचे तुकडे सुटतात. तसलेच तुकडे आपण फवारले, तर शत्रू आला असं समजून झाड आधीच तयारीला लागतं.

"म्हणजे चोर नाही, नुसती बोंब," काका म्हणाले.

"हो."

"आणि झाड फसतं?"

"फसावं अशी आशा आहे."

"गाव दर पाच वर्षांनी फसतं. झाडाचं काय घेऊन बसलात!"

पाच झाडांना हे द्रावण, पाच झाडांना नुसतं पाणी. पाण्याची झाडं बिघडली तर तुलना नाही, हंगाम वाया आणि पीएचडी लांबणीवर, हे तिने बजावलं. काकांनी मान डोलावली. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा पाण्याची झाडं नेमकी रस्त्याकडेची निघाली.

जुलैत तिथली फळं कुजून गळू लागली. मसोलीहून आलेले व्याही फाटकातच थांबले. "काय हो, ही पाच वाळीत टाकलीत का? गुन्हा काय त्यांचा?"

"पाणी पाजून मारतायत," काकी आतून म्हणाली.

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही, असं काकी अजून सांगते. मी त्यांना दोनदा भात वाढून घेताना पाहिलं. पावसाने उघडीप दिली तसा त्यांनी पंप बाहेर काढला.

मुलगी आली तेव्हा पाण्याच्या झाडांची पानं निळसर डागांनी भरली होती. बोर्डोत निळा मोरचूद असतो. तो लपत नाही.

"काका, हे काय?"

"पावसाचं असेल."

"निळ्या पावसाचं?"

चहा घेऊन काकी आली. "अगं, डोळ्यांदेखत कुजू कसं द्यायचं? तुझ्या परीक्षेपायी झाडांनी नापास व्हायचं?"

"झाडं पास झाली, काकी. मी राहिले."

चहा तिने घेतला. त्या हंगामाची सगळी मोजणी रद्द केली.

२०१८ मध्ये ती पुन्हा आली. या वेळी दहाही झाडं वाडीच्या आतली होती, दोन्ही पिंपं एकाच रंगाची होती आणि कशात काय आहे हे तिने कोणालाही सांगितलं नाही. काकांनी दोन्हींत बोट बुडवून चाटून पाहिलं आणि दोन्हींत पाणीच आहे, असं जाहीर केलं.

बोर्डो कोणीच फवारलं नाही. पाच झाडांची फळं जास्त कुजली, पाचांची कमी. कमी कुजलेली शेवाळाची निघाली. प्रबंध २०१९ मध्ये मान्य झाला.