वाळूजचा रोबोट बघायला गेलो आणि लाईन बंद पाडून आलो

आधी माफी मागतो. खंडेनवमीला केलेल्या प्रवासाचं आता हुरड्याच्या दिवसांत लिहितोय. चारपाच जुन्या सोबत्यांनी विचारलं, "अप्पा, रोबोट बघून आलात म्हणे, लिहा की." मी दरवेळी डोळ्याला त्रास आहे असं सांगितलं. डोळे ठीक आहेत. लिहायची लाज वाटत होती, म्हणून उशीर झाला.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. वाळूजच्या एका कंपनीत एकतीस वर्षं लेथवर काढली आणि निवृत्त होऊन अंबडजवळ गावी आलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझा मुलगा विलास त्याच कंपनीत ऑपरेटर आहे. श्रावणात त्याचा फोन आला, "अप्पा, आमच्या लाईनवर रोबोट आलाय." मी विचारलं, "मग तुम्ही चौघं काय करणार?" तो म्हणाला, "एकाला शिकायला पुण्याला पाठवणार हायेत. तो रोबोट सांभाळंल." मी म्हणालो, "आन् बाकीचे तिघं?" तर म्हणाला, "बघू." आणि फोन ठेवला.

त्या 'बघू'नं माझी झोप गेली. विलास त्रेचाळीस वर्षांचा आहे, दोन लेकरं शाळेत आहेत. खंडेनवमीला आमच्या कंपनीत यंत्रांची पूजा होते आणि घरच्यांना आत सोडतात. विलासच्या आईला म्हणालो, मी जाऊन डोळ्यांनी बघून येतो. ती म्हणाली, "तुमच्या बघण्यानं त्याची नोकरी टिकणार हाय का?" तरी तिनं दशम्या बांधून दिल्या.

पहिला दिवस. अंबडहून सकाळची एसटी पकडली. पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट आहे, पण आधारकार्ड हाताशी ठेवा. मी ते तीनदा खिशात चाचपलं, तरी वाहकानं मागितलं तेव्हा पिशवीत निघालं. पाचोड, आडूळ करत गाडी जाते, रस्ता आता चांगला आहे. डाव्या बाजूची खिडकी घेतली तर ऊन कमी लागतं. पिशवीत गोळ्या, पाण्याची बाटली आणि कापडात गुंडाळलेला माझा जुना लांब स्क्रू ड्रायव्हर होता. खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडतात, म्हणून तो घेतला होता.

त्या स्क्रू ड्रायव्हरबद्दल सांगायला हवं. त्याचं टोक चालत्या यंत्रावर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची. आतलं बेअरिंग कसं फिरतंय ते ऐकू येतं. चांगलं बेअरिंग गुणगुणतं, खराब झालेलं खरखरतं. माझ्या कानाची कंपनीत ख्याती होती. एकदा मी सांगितलं म्हणून यंत्र उघडलं आणि बेअरिंग खरंच फुटायला आलेलं निघालं. तेव्हा साहेबांनी मला घड्याळ दिलं होतं. ते अजून भिंतीवर आहे.

मध्यवर्ती बस स्थानकावर उतरून बाबा पेट्रोल पंपापर्यंत चालत गेलो. तिथून बजाजनगरला शेअर रिक्षा मिळते. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, चालीस." मी म्हणालो, "तीस." तो म्हणाला, "बैठो, सुबह सुबह आपसे क्या झगडा." म्हातारपणाचा एवढा तरी फायदा आहे.

बजाजनगर ओळखू आलं नाही. आम्ही आलो तेव्हा पत्र्याच्या खोल्या होत्या, सहासहा जण पाळीपाळीनं झोपायचो. आता तीन-चार मजली घरं, शिकवण्या, दवाखाने. चौकात पोह्यांवर तर्री टाकून देतात, खाऊन बघा. मी निम्मीच प्लेट खाल्ली, छातीत जळजळ होईल म्हणून. सूनबाई मंगलनं संध्याकाळी भाकरी आणि शेपूची भाजी केली होती. विलास जेवताना म्हणाला, "मी नाव दिलंय पुण्यासाठी. आमच्या इंजिनिअर मॅडमनी अजून कुणाचंच नाव सांगितलेलं नाय, पण माझ्याकडं बघून हसल्या." मंगल म्हणाली, "हसल्या म्हणजे झालं व्हय?" त्यानं आणखी भाकरी वाढून घेतली. मीही जास्त विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसरा दिवस, खंडेनवमी. कुणाला कारखाना बघायला जायचं असेल तर सांगतो. चप्पल चालत नाही, बंद बूट लागतात. मी विलासचे घातले, एक बोट मोठे होते. फोनच्या कॅमेऱ्यावर गेटवर चिकटपट्टी लावतात. पहारेकरी नवीन होता. स्क्रू ड्रायव्हर बघून म्हणाला, "बाबा, हे काय?" मी म्हणालो, "पूजेचं हाय." त्यानं विलासकडं बघितलं आणि सोडलं.

आत गेलो आणि पहिल्यांदा शांतता जाणवली. आमच्या वेळी दारातूनच ओरडून बोलावं लागे. जमिनीवर तेलाचा थेंब नव्हता. पिवळ्या जाळीच्या आत रोबोट उभा होता. माणसासारखा बिलकूल नाही. खांदा, कोपर आणि मनगट असलेला एक हात, बाकी काही नाही. तो दुचाकीच्या चाकातला दांडा उचलतो, एका यंत्रात घालतो, तिथला झालेला काढून दुसऱ्यात घालतो, मग कॅमेऱ्यापुढं धरतो. कॅमेरा पास-नापास सांगतो.

प्राजक्ता मॅडम विभागाच्या इंजिनिअर, तिशीच्या असतील. त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. प्रत्येक यंत्राला बटणाएवढा सेन्सर चिकटवलेला आहे. तो बेअरिंगची थरथर दिवसरात्र मोजतो आणि बिघडायच्या आधी सांगतो. कॉम्प्युटरमध्ये या सगळ्या लाईनीची हुबेहूब नक्कल आहे. नवा पीस आधी त्या नकलेत करून बघतात आणि मगच खऱ्या यंत्रावर. वर मोठा पडदा आहे. लाईन चालू तर हिरवा, बंद तर लाल, खाली ऑपरेटरचं नाव. हाच पडदा पुण्याच्या ऑफिसातही दिसतो. मी विचारलं, "बंद पडली तर?" त्या म्हणाल्या, "कारण टाकावं लागतं, काका. कारण टाकल्याशिवाय यंत्र पुढं जाऊच देत नाही." आमच्या वेळी बंद पडलं की चहा प्यायचो.

पूजेच्या वेळी मॅडमनी बजावलं, "कॅमेऱ्याला कुंकू लावू नका हं. मागच्या वर्षी शेजारच्या लाईनवर कुणीतरी लावलं आणि दिवसभर सगळे पीस नापास झाले." सगळे हसले. रोबोटलाही हार नको म्हणाल्या. मग विलासच्या यंत्राला हार घालायचा मान मला दिला. झेंडूचा हार होता, दोरा आखूड पडला. मी बाकावर पडलेली बारीक तार घेतली आणि हार बाजूच्या पत्र्याला पक्का बांधला. स्क्रू ड्रायव्हर यंत्रापुढं ठेवला, हळदीकुंकू वाहिलं.

गौतम भेटला. तो देखभाल विभागात फिटर आहे, पूर्वी माझ्या हाताखाली शिकला. मला अजून वस्ताद म्हणतो. तो पूजेत नसतो, पण पेढे दरवर्षी तोच आणतो. म्हणाला, "पूजा तुमची, पेढे माझे. उद्या धम्मचक्र दिनाला आम्ही बुद्ध लेणीवर जाणार, तिथं तुम्ही या." पाहुणे बाहेर निघाले. मी जुना माणूस म्हणून मॅडमनी मला थोडा वेळ थांबू दिलं. ऑर्डर घाईची होती, म्हणून सुट्टी न घेता लाईन सुरू झाली.

पंधरा मिनिटं झाली असतील. मी विलासच्या यंत्राशेजारी उभा होतो आणि मला खरखर ऐकू आली. बारीक, पण सारखी. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला, टोक पत्र्याजवळ टेकवलं, मूठ कानाला लावली. स्पष्ट खरखर. विलासला म्हणालो, "बेअरिंग गेलंय." तो म्हणाला, "अप्पा, सेन्सर हिरवा हाय." मी म्हणालो, "सेन्सरला काय कळतंय? फुटलं तर यंत्र जाईल, नाव तुझं लागंल."

हे मी मोठ्यानं बोललो. दोन जुने कामगार वळून बघायला लागले. त्यातला एक म्हणाला, "वस्तादचा कान हाय, हसण्यावारी नेऊ नका." विलासनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पडद्याकडं आणि बटण दाबलं. रोबोटचा हात मध्येच थांबला, दांडा धरलेला. पडदा लाल झाला. खाली नाव, विलास.

मला मनातून बरं वाटलं, हे खोटं लिहिणार नाही. वाटलं, अजून लागतो आपण.

गौतम आला. हातातल्या यंत्रानं थरथर मोजली, ठीक होती. फिरणं सरळ आहे का ते डायल लावून बघितलं, तेही ठीक होतं. मॅडम पडद्यावरची वेळ बघत उभ्या होत्या. मी म्हणत होतो, कव्हर खोला, खोलून बघा. कव्हर खोलायला गौतमनं हार बाजूला केला आणि थांबला. परत हार लावला, यंत्र रिकामं फिरवलं. खरखर. हार धरला. बंद. तारेचं मोकळं टोक पत्र्यावर वाजत होतं.

"वस्ताद," तो म्हणाला, "बेअरिंग नाय, झेंडू वाजतोय!"

सगळी लाईन हसली. गौतमच्या मनात वाईट काही नव्हतं, तो पहिल्यापासून तसाच आहे. मीही हसलो. मग लाईन परत चालू करायची म्हणजे रोबोट जागेवर आणायचा, पहिला पीस मोजायचा, मगच पुढं. सव्वा तास गेला. मॅडम म्हणाल्या, "विलास, कारण टाका."

पडद्यावर यादी आली, मराठीत होती. साहित्य नाही, वीज नाही, बिघाड, हत्यार बदल. सगळ्यात खाली, ऑपरेटरचा निर्णय. विलासनं तिथं बोट ठेवलं. मॅडमनी वाचलं, मान हलवली आणि गेल्या.

मी तीन हातांवर उभा होतो. "मॅडम, ते माझ्यामुळं झालं, तारही मीच बांधली," एवढंच म्हणायचं होतं. एकतीस वर्षं त्या शेडमध्ये मोठ्यानं बोललो आणि त्या वेळी तोंड उघडलं नाही.

तिसरा दिवस, दसरा. विलासला सुट्टी होती. मला मोटारसायकलवर दौलताबादला घेऊन गेला. नगर नाक्यावरून गेलात तर छावणीतून रस्ता जातो, अर्धा-पाऊण तास लागतो. किल्ल्याला तिकीट आहे, म्हाताऱ्यांनी अंधारी म्हणतात त्या काळोख्या भुयारापर्यंत जाऊ नये, पायऱ्या उंच आहेत. आम्ही खालीच बसलो. बायका टोपल्यांत सीताफळं घेऊन बसतात. घेताना डोळे उघडलेलं बघून घ्या, तेच पिकतं. एक बाई म्हणाली, "आजोबा, दाबू नका, फळाला दुखतं." विलास हसला. कालपासून पहिल्यांदा.

बिया थुंकत तो म्हणाला, "अप्पा, मी तुमचं ऐकून बंद नाय केली. मला पण आवाज आला होता."

मी म्हणालो, "खरं?"

"खरं. सेन्सर बेअरिंगचंच बघतो. तारेचं त्याला कुणी सांगितलंय? पण उगीच आवाज येतोय आन् मी चालू ठेवायची, तसं शिकलो नाय मी."

मी विचारलं, "मग पुण्याचं?"

"बघू," तो म्हणाला.

त्याला खरंच आवाज आला होता, की माझं मन राखायला तो बोलला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दुपारच्या गाडीनं परत आलो. परतीला गर्दी असते, स्थानकावर तासभर आधी जा. घरी शर्ट धुवायला टाकताना विलासच्या आईला खिशात तार सापडली. गौतमनं काढलेली मी उचलून ठेवली होती. आता ती स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीला गुंडाळून घड्याळाखाली खिळ्याला लावली आहे.

रोबोटचं मला काय वाटलं, असं सगळे विचारतात. तो वाईट नाही. त्याला जे ऐकायला सांगितलं ते त्यानं नीट ऐकलं, त्या दिवशी माझ्यापेक्षा नीट. भीती वाटते ती त्याची नाही. चौघांतून एक निवडताना तो सव्वा तास कुणीतरी उघडून बघेल आणि त्यापुढं माझ्या मुलाचं नाव असेल, त्याची वाटते.

म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितो. त्या दिवशीची लाईन विलासनं बंद पाडली नाही. हार मी बांधला, तार मी लावली, बेअरिंग गेलं असं मी ओरडलो आणि कारण टाकताना मी गप्प बसलो. विलास, तू हे वाचशील. मॅडमना दाखव. लाज वाटली तर गौतमला सांग, तो दाखवेल.

आणि पुण्याचं काय झालं ते कळव. दर रविवारी मी विचारतो, तू "बरं हाय" म्हणतोस आणि फोन आईला देतोस. फोन मी कानाला लावून किती ऐकलं, पण त्या "बरं हाय"मधून मला काही ऐकू येत नाही. निवड झाली असो, नसो. लवकर कळव.